रोज सकाळी कोरी पाटी

"हॅलो?… हॅलो, कोण?… अगं, तूच का! बोल, बोल. तुझा मामा कॉम्प्युटरसमोरच बसलाय. ताठ मानेने."

निवृत्त भूगोलशिक्षकांनी चष्मा कपाळावर सरकवला. भाची आणि तिचे चार-पाच दोस्त मिळून नवख्यांसाठी सोपं लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी मोफत प्रणाली, तयार करत होते. चार दिवसांपूर्वी तिने मामांच्या जुन्या कॉम्प्युटरला एक पेन ड्राइव्ह लावला होता आणि 'आता तुमचं तुम्ही करा, मी मध्ये बोलणार नाही' असं बजावून ती निघून गेली होती.

"अगं, तुझ्या त्या 'कसं वाटलं'च्या फॉर्मवर दहापैकी दहा दिलेत मी!… हो, हो… अगं ऐक ना, खरंच सोपं आहे. जुन्यासारखं सारखं 'अपडेट करू का' म्हणून मागे लागत नाही. आणि सगळ्यात छान म्हणजे ती रोज पाटी पुसायची सोय… पाटी गं! सकाळी चालू केलं की सगळं कोरं. आदल्या दिवशीचं एक अक्षर सापडायचं नाही. म्हटलं, वा, या पोरांना स्वच्छतेचं वळण आहे… हॅलो? आहेस ना?"

मामांनी फोन कानापासून लांब धरून एकदा तपासला.

"आहेस. मग बोल की… सुरुवातीला? दोन बटणं येतात. 'वापरून पहा' आणि 'स्थापित करा'… मी पहिलं दाबतो… रोज… अगं मग काय दाबणार? मला वापरायचंच आहे ना! स्थापित काय करायचंय, चौकातला पुतळा आहे का?… थांब, थांब. सावकाश सांग, मागच्या बाकावरच्याला सांगतात तसं… म्हणजे ते कॉम्प्युटरमध्ये शिरलेलंच नाही? नुसतं त्या पेन ड्राइव्हच्या काडीवरून चालतंय, आणि बंद केलं की विसरतं?… म्हणजे चार दिवस मी बिल्डरच्या नमुना फ्लॅटमध्ये मुक्काम ठोकलाय? हसू नकोस! गाद्या घातल्यात मी तिथे!… आणि माझे जुने फोटो?… आत आहेत, तसेच्या तसे. बरं. मामीला यातलं काही सांगू नकोस."

मग मामांचा चेहरा एकदम उतरला.

"अगं… पण भाषण. आज पाचला आमच्या मुख्याध्यापिकाबाईंचा निरोप समारंभ आहे. बोलायचंय मला… कागदावर नाही गं! म्हटलं, भाचीला दाखवू, मामा कॉम्प्युटरवर लिहितो… आज मात्र सेव्ह केलंय की… तेही जाणार?… नाही, बंद नाही केलेलं. समोर उघडंच आहे… ती काडी? छे, हातसुद्धा लावत नाही."

त्यांनी खरोखरच एक हात पाठीमागे नेला. दुसऱ्यात फोन होता, त्याला इलाज नव्हता.

"हो ना, चार वेळा लिहिलं… कंटाळा कसला! पहिल्या दिवशी बावीस वर्षांची भांडणं लिहिली. नकाशांच्या कपाटाची किल्ली बाईंनी मला कधी दिली नाही, यावरच दोन पानं. दुसऱ्या दिवशी बोटं दुखायला लागली, म्हणून किल्ली अर्ध्या पानात. तिसऱ्या दिवशी एका वाक्यात. आणि आज… आज आठवलं, मी आजारी होतो तेव्हा सहा आठवडे माझे तास बाईंनीच घेतले होते. नकाशा उलटा टांगून घेतले, पण घेतले… बरं, सांग, काय करू?… ई-मेल. उघडला… पासवर्ड मागतोय. हं, घातला… पेपर पिनेचं चित्र… दिसलं. भाषण… दाबलं. फिरतंय… अजून फिरतंय… तू श्वास घे गं, म्हणजे मीही घेतो… आलं? आलं! जोडाक्षरं मोडली नाहीत ना?… कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला पाठवतेस? पाठव, पाठव. अक्षर मोठं ठेवायला सांग."

मामा खुर्चीत मागे रेलले.

"आता तुला काय झालं?… तीनला मीटिंग. आणि माझे दहापैकी दहा दाखवणार होतीस. खोड ते… काय? वापरून बघणाऱ्या बारापैकी पाच जणांनी हेच केलं? आणि पाचही जणांनी दहा दिले?… अगं, पाच पोरं एकच चूक करतात तेव्हा आधी प्रश्नपत्रिका तपासायची. मी दहा दिले ते तू बनवलंयस म्हणून. बाकीचे चार कुणाचे मामा आहेत ते बघ!… नाही, नाही, रडण्यासारखं काही नाही यात. बटणं बदला. एकावर लिहा, 'नुसतं बघायला आलोय, गेलो की सगळं पुसा.' दुसऱ्यावर, 'कायमचं राहायला आलोय.' झालं… लांब होतंय? मग बटण मोठं करा! जागा काय तुझ्या बापाची आहे?… माझा मेहुणा आहे तो, मला म्हणता येतं… उद्या ये. नुसती शेजारी बस. मध्ये बोलायचं नाही, बटण मी दाबणार… आणि हो, ते बघायचं बटण काढून टाकू नका हं. पहिल्याच दिवशी सेव्ह झालं असतं ना, तर आज समारंभात किल्लीची दोन पानं वाचली असती मी… चल, ठेवतो. इस्त्री तापलीये."

त्यांनी फोन ठेवला. भाषण भाचीकडे सुखरूप पोचलं होतं, यात शंका नव्हती. तरी मामांनी खिशातून पेन काढलं, दाराकडे एकदा बघून घेतलं आणि भाषणाची शेवटची ओळ, परीक्षेला जाणारी पोरं लिहितात तशी, बारीक अक्षरात तळहातावर उतरवून घेतली.