राजा कितव्या पानावर मरतो

आणि वर मलाच म्हणायचं, तुम्ही शेवट फोडता. मी? तुम्हाला सांगतो, चोवीस वर्षं चाव्या बनवायच्या दुकानात बसतोय, अर्ध्या वस्तीच्या कपाटांच्या चाव्या या हातांनी घासल्यात, कुणाच्या कपाटात काय आहे याबद्दल आजवर कधी हूं की चूं केलं नाही, आणि एका कादंबरीतला खुनी कोण ते मी सांगेन? माझ्या चिठ्ठ्या काढून बघा. एकीतही खुनी हा शब्द सापडणार नाही. मी मत देत नाही, मी नोंद करतो.

नोंद म्हणजे कशी, तर माझी एक वही आहे. पुस्तक कधी धरलं, कधी संपवलं, कोणत्या पानावर काय चुकलं. बस्स. शाळा आठवीत सुटली, त्यामुळे भाषा, शैली वगैरेतलं मला कळतं असं मी म्हणतच नाही. पण कुलपातलं कळतं की नाही? मग लेखक जर लिहितो की त्याने केसातली पिन काढली आणि तिजोरी उघडली, तर मी काय करायचं? मान डोलवायची? तिजोरी म्हणजे काय गूळ-शेंगदाण्याचा डबा आहे? आत सात पट्ट्या असतात, सातही एकाच वेळी बरोबर उंचीवर यायला लागतात. मला, सगळी हत्यारं समोर असताना, दीड तास लागतो आणि मान धरते. आणि हा पिनेने उघडतो, तेही नायिकेशी बोलत बोलत. लिहिलं मी वहीत, "पान अठ्ठ्याऐंशी, अशक्य." यात मत कुठे आलं?

ही म्हणते, म्हणजे आमची ही, "अहो, लोक पुस्तक वाचतात, तुम्ही पंचनामा करता." करतो. कुणीतरी करायला नको?

ऐतिहासिक घ्या. ऐतिहासिकवाल्यांचं तर विचारूच नका. परवाच्या एका कादंबरीत किल्लेदार संध्याकाळी मुख्य दरवाजाला बाहेरून भलंमोठं कुलूप लावतो आणि किल्ली कमरेला खोचतो. अरे बाबा, शत्रू बाहेर आहे. दरवाजा आतून बंद करतात, अडसर घालून. बाहेरून कुलूप लावून तू कोणाला कोंडतोयस, आपल्याच राजाला? आणि मुळात कुलूप बाहेर लावून हा आत आला कसा? शिवाय त्यातले घोडे. तीन दिवस दौडतायत, पाणी नाही, चारा नाही. सेनापती मात्र दर मुक्कामाला पाऊण पान बोलतो. मला वाटतं घोडे पाण्यापेक्षा त्या बोलण्यानेच मेले असते. असो, ते मी वहीत नाही लिहिलं, ते मत झालं असतं.

आता या चिठ्ठ्यांची भानगड काय, ते सांगतो. वाचनालयाचं कार्ड आमच्या घरात एकच. ते होतं दादाचं, माझ्या थोरल्या भावाचं. कार्डावर एका वेळी एक पुस्तक, पंधरा दिवस. दादा आणायचा, तो आणि वहिनी वाचायचे. अडीच वर्षांपूर्वी दादा गेला. बारा दिवस ताप आला, इस्पितळात होता, आणि गेला. मग ते कार्ड तसंच खुंटीवरच्या पिशवीत पडून राहिलं. वहिनी वरच्या मजल्यावर, आम्ही खाली. आता दीर-भावजय बोलणार काय, सांगा. "पाणी आलं का?" "आलं." "गच्चीचं दार लावलंत का?" "लावलं." झालं, संपलं. आणि वहिनी म्हणजे तीस वर्षं टेलिफोन खात्यात होत्या, लोकांची बोलणी एकमेकांना जोडून द्यायची आणि आपण मध्ये बोलायचं नाही, हीच नोकरी. आपणहून शब्द काढतील तर शपथ. चार-पाच महिने गेल्यावर अशी वेळ आली की जिन्यात समोरासमोर आलो तरी दोघंही पायऱ्यांकडे बघायचो.

तेव्हा मी ते कार्ड उचललं. ठरवलं, आठ दिवस मी वाचीन, सात दिवस वहिनी, आणि रविवारी पाच वाजता चहाला खाली यायचं, पुस्तकावर बोलायचं. आणि तुम्हाला सांगतो, बोलायला लागल्या. "भाऊजी, तो वकील मला पहिल्यापासून बरा वाटला नाही." मग मी म्हणणार, "वहिनी, पण त्याच्या कपाटाची चावी..." मग त्या, मग ही मध्येच, "चहा गार होतोय." एक तास, दीड तास. दोन वर्षं एक रविवार चुकला नाही. आता तो चहा बंद पडला, तर वर एक बाई, खाली दोन माणसं, आणि मध्ये नुसता जिना. एवढं लक्षात ठेवा, म्हणजे पुढे मी का हबकलो ते कळेल.

चिठ्ठी ही माझी कल्पना. वहिनींची वाचताना फसगत होऊ नये म्हणून वहीतल्या चुका एका कागदावर उतरवायच्या आणि पुस्तकाच्या पहिल्या पानात ठेवायच्या. खुनी कोण, कुणाचं काय होतं, यातलं अक्षर नाही. मी मत देत नाही, मी नोंद करतो.

तर तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट. एक ऐतिहासिक कादंबरी आणली होती, साडेसहाशे पानांची. एक राजा, दोन राण्या, आणि दर प्रकरणाच्या सुरुवातीला एक सूर्योदय. माझे आठ दिवस झाले, चिठ्ठी घातली, पुस्तक वर गेलं. रविवारी वहिनी आल्या, पुस्तक टेबलावर ठेवलं. मी बघितलं तर खुणेचा दोरा अर्ध्यातच.

म्हटलं, "संपलं नाही?"

"नाही."

"आवडलं नाही?"

"आवडलं की."

"मग?"

"मग काय, भाऊजी. राजा सहाशे बाराव्या पानावर जातो. कळलं."

म्हटलं, वहिनी, इतिहासातला राजा आहे, तीनशे वर्षांपूर्वीचा, तो जाणारच, त्यात मी काय सांगितलं? तर कप खाली ठेवून म्हणाल्या, "इतिहासात सगळेच जातात, ते मला कळतं. पण कितव्या पानावर, ते कशाला सांगता? पान उलटताना मला वाटत राहतं, आता एवढीच उरली."

आता हिला कुठे गप्प राहवतंय. ही म्हणाली, "वहिनी, सांगूनच टाका आज. माळ्याचंही सांगा."

"कोणता माळी?" मी विचारलं.

तर झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वीची, आमची अगदी पहिली खुनाची कादंबरी. मी चिठ्ठीत लिहिलं होतं, "पान एक्केचाळीस, माळी ज्याने हात धुतो तो साबण पातळ आहे. अशा साबणावर चावीचा ठसा उठणार नाही." आता यात मी खुनी म्हटलंय का? मी साबणाबद्दल बोलतोय. पण वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, पुस्तकात तो माळी नुसता हात धुतो. चावीचा ठसा निघतो थेट शेवटी. तुम्ही दोन्ही एका ओळीत आणलंत. मला बेचाळिसाव्या पानाआधीच कळलं."

"मग तुम्ही रविवारी म्हणालात, वकिलावर संशय होता?"

"म्हणाले."

"आणि शेवट वाचून धक्का बसला म्हणालात?"

"बसवून घेतला."

"दोन वर्षं?"

वहिनींनी खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला. ही बोलली. "अहो, मलाही सगळे खुनी माहीत आहेत. मी पुस्तकं नाही वाचत, मी चिठ्ठ्या वाचते. तेवढ्यात भागतं."

आता मी काही असा लगेच ऐकणारा माणूस नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो, वहीतून तीन खुनाच्या कादंबऱ्यांच्या नोंदी उतरवल्या आणि शेजारच्या चष्मेवाल्याकडे नेल्या. हा गृहस्थ वर्तमानपत्रसुद्धा मागून वाचायला घेतो आणि खेळाचं पान झालं की परत देतो, कादंबरी त्याने जन्मात उघडलेली नाही. म्हटलं, हे वाच आणि काय कळतं ते सांग. त्याने काचा पुसल्या, वाचलं, म्हणाला, "पहिल्यात माळ्याने मारलाय. दुसऱ्यात ती नर्स. तिसऱ्यात..." इथे जरा थांबला, मला हुरूप आला, "तिसऱ्यात डॉक्टर आणि त्याचा मेहुणा, मिळून." तिन्ही बरोबर. मिळून होते हे तर मला स्वतःला शेवटून तिसऱ्या पानापर्यंत कळलं नव्हतं.

मग मी ती राजाची चिठ्ठी त्याच्या पुढे केली. म्हटलं, ही ऐतिहासिक आहे, यात काय वावगं आहे ते दाखव. त्याने वाचली. परत वाचली. मला म्हणाला, "हे पुस्तकातलं नाही."

"का नाही? पान नंबर आहे की वर."

"आहे. पण हा तुझा दादा आहे."

मी चिठ्ठी घेतली. माझंच अक्षर. "पान सहाशे बारा, अशक्य. बारा दिवस ताप असलेला माणूस दीड पान बोलत नाही. ओठ सुकलेले असतात. पाणी मागतो, आणि पाणी आणेपर्यंत विसरतो. आपल्याला ओळखलं असं वाटतं, पण तो दाराकडे बघत असतो."

आता सांगा, हे मी कधी लिहिलं? म्हणजे लिहिलं मीच, तारीख आहे, वार आहे. लिहिताना मला वाटत होतं की मी लेखकाची चूक काढतोय. इस्पितळात शेवटचे तीन दिवस मी होतो, वहिनींना आम्ही बळेच घरी पाठवलं होतं, झोप काढा म्हणून. त्यांनी मला कधी विचारलं नाही, दादा काय बोलला. मी कधी सांगितलं नाही. आणि अडीच वर्षांनी मी त्यांना ते सांगितलं कसं, तर कादंबरीतल्या चुका म्हणून, पान नंबर टाकून. त्यांनी ती चिठ्ठी वाचून परत घडी घालून जागच्या जागी ठेवली होती.

खरं म्हणजे मला या दोन जातींच्या कादंबऱ्यांतला फरकच तोवर कळला नव्हता. खुनाच्या कादंबरीत माणूस पहिल्याच पानावर मेलेला असतो, त्याची आपली ओळखदेख नाही, आपण मजेत पुढे वाचतो. ऐतिहासिकमध्ये मरणार हे ठाऊक असलेल्या माणसाबरोबर सहाशे पानं काढायची असतात. त्याच्याबरोबर जेवायचं, रुसायचं, सूर्योदय बघायचे. त्यात चुका काढायला फुरसत होते कशी माणसाला? मला झाली. हे मात्र मत आहे, नोंद नाही.

मग मी काय केलं, तर वाचनालयातून तीच कादंबरी पुन्हा काढली. चिठ्ठी नाही, खूण नाही. वर घेऊन गेलो. म्हटलं, "वहिनी, यापुढे आधी तुम्ही. सात दिवस नाही, सगळे पंधरा. झालं की मग मला द्या." त्यांनी पुस्तक घेतलं. दार लावता लावता म्हणाल्या, "भाऊजी, पाणी तरी दिलंत ना त्यांना?" म्हटलं, दिलं. चमच्याने. "मग झालं," म्हणाल्या. जिना उतरताना मी मोजल्या, सतरा पायऱ्या आहेत.

हे इथे संपलं असतं तर बरं होतं. पंधरा दिवस झाले, मी विचारलं, "झालं का?" तर म्हणाल्या, "सहाशेपर्यंत आले, पण मधली लढाई नीट लक्षात राहिली नाही, पुन्हा पहिल्यापासून धरलंय." मुदत वाढवून आणली. रविवारी चहाला येतात, राजाबद्दल बोलतात. त्याला तिखट सोसत नाही, त्याचं धाकट्या राणीपुढे काही चालत नाही, अगदी काल भेटल्यासारखं. दादाचंही तसंच होतं, हे सांगून जातात मध्येच, आणि ही हसते. पुन्हा पंधरा दिवस. पुन्हा सहाशेपर्यंत. आता म्हणे राणीचं पत्र परत वाचायचंय, ते दीडशेव्या पानावर आहे. मी पुन्हा मुदत वाढवली, आणि त्यानंतर तिसऱ्यांदाही. मी, ज्याने आयुष्यात एक पुस्तक एक दिवस उशिरा दिलं नाही.

काल चौथ्यांदा गेलो. वाचनालयातल्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "नियमात तीन वेळा आहे."

म्हटलं, माहीत आहे.

"किती पानं राहिलीयत?"

"चाळीस-पन्नास."

"चाळीस पानांना दोन महिने? अडचण काय आहे एवढी?"

आता काय सांगू? लढाई, पत्र, सतरा पायऱ्या, काय काय सांगू? म्हटलं, "बाई, राजाची तब्येत बरी नाही."

त्यांनी शिक्का उचलला, शाईत दाबला, आणि मारला.

म्हणजे आणखी पंधरा दिवस मला वाचायला काही नाही. दुकानात कुलपांची माहितीपत्रकं वाचतोय, त्यातही दोन चुका निघाल्या, पण दाखवणार कुणाला? घरात कार्ड एक, कार्डावर पुस्तक एक, आणि राजा काही केल्या मरत नाही.