दीड दिवसाचं रॉकेट

मंडळी, बसा. मागं ऐकू येतंय ना? आलं नाही तर पुढं या, खुर्च्या मोकळ्या आहेत. शोकसभेला सगळे मागंच का बसतात देव जाणे.

एवढी माणसं आलात. पेणची आलात, रोह्याची आलात, माझ्या माहेरची, अष्टमी गावची आलात. मला बोलायला जड जातंय. पण त्याआधी एक विचारते. तुमची आठवण काय उंदरांनी कुरतडली? मघापासून एकेकजण येतो, फोटोला हात जोडतो आणि सांगतो, दत्ताराम फार शांत माणूस. आपल्या जागेवरून कधी हलला नाही. अहो, ह्याच माणसाला तुम्ही म्हणालात, "म्हातारपणी चळला." माझ्या तोंडावर म्हणालात. नावं घेऊ? नको, तुमचा चहा व्हायचाय अजून.

मला अक्षर येत नाही. नातीला म्हटलं, मी सांगते, तू लिहून घे, सभेत अडले तर हळूच सांग. तिनं लिहिलंय. ती बघा, कागद घेऊन समोर बसलीय आणि तिचीच मान वर होत नाही. तेव्हा माझं मलाच निभावायचंय. चुकलं तर समजून घ्या.

दत्ताराम माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांच्या चड्डीची नाडी मी बांधायची. पण दीर तो दीर. शेवटपर्यंत भावजी म्हटलं, अहोजाहो केलं, आणि अहोजाहो करत जेवढं टोचता येतं तेवढं टोचलं. त्यांनीही सोडलं नाही मला. माझ्या भाकरीला म्हणायचे, "वयनी, ही मूर्तीच्या पाटाखाली ठेवू काय? हलायची नाय."

आमचा गणपतीचा कारखाना. पेणकरांना काय सांगायचं, पण रोह्याहून आलेल्यांसाठी सांगते. मूर्ती शंभर हातांतून जाते. माती कुणी मळतो, साचा कुणी भरतो, घासतो कुणी, रंग कुणी मारतो. डोळे मात्र एकच माणूस लिहितो. आखणी म्हणतात त्याला. हात जरा हलला तर देव तिरळा. आमच्या कारखान्यात तो हात भावजींचा होता.

हात चांगला असणं ही काय शिक्षा असते ते मी त्या घरात बघितलं. मागची खोली. एक खिडकी, तिला धूळ येऊ नये म्हणून जाळी. खाली पाट, पाटावर भावजी, आणि समोर ओळीनं मूर्ती, सगळ्या आंधळ्या, सगळ्यांची तोंडं त्यांच्याकडं. मी चहा घेऊन गेले की म्हणायचे, "वयनी, बघा. हे सगळे माझ्याकडे बघायची वाट बघतायत." एका ओळीचे डोळे झाले की ती बाहेर जायची, दुसरी आंधळी ओळ आत यायची. देव मुंबईला गेले, पुण्याला गेले, बोटीत बसून परदेशाला गेले. डोळे उघडून देणारा खोलीत.

एकदा पळाले होते. तरुणपणी. माझ्या नवऱ्यानं नागोठण्याहून धरून आणलं. मारलं नाही हो, ओरडलेसुद्धा नाहीत. फक्त म्हणाले, "दत्ता, मूर्त्या खोळंबल्यात." झालं. त्यापेक्षा मारलं असतं तर बरं. परत कधी पळाले नाहीत. माणसाला दोरीनं बांधलं तर तो दोरी कुरतडतो. देवांनी बांधलं तर काय कुरतडणार?

तुम्ही ज्याला शांत म्हणताय ना, ते हे होतं.

मग नीलिमा आली. ही बसलीय ती. रोह्याला कंपनीत इंजिनियर. शिफ्ट संपली की घरी जायचं सोडून रॉकेट उडवते. दिवाळीतलं बाटलीतलं नव्हे, माणसाएवढं रॉकेट. क्लबच आहे यांचा. सगळी कंपनीतली शिकलेली माणसं, आणि धंदा काय, तर शेतात जाऊन बार उडवायचा. तिला रॉकेटचा शेंडा हवा होता, हलका आणि पोकळ. कुणीतरी सांगितलं, कागदाच्या लगद्याचं पोकळ काम पेणइतकं कुठं होत नाही. आली आमच्या कारखान्यात आणि भावजींना विचारलं, "काका, ह्याचा साचा कराल?"

भावजींनी विचारलं, "डोळे लिहायचेत?"

ती म्हणाली, "नाही हो."

तेव्हा त्यांच्या तोंडावर जे आलं ना, ते मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नव्हतं.

शेंडाच केला असं नाही, सगळं अंगच केलं. कागदावर कागद चिकटवून नळा केला, घासून काचेसारखा केला. रॉकेट हळू खाली उतरावं म्हणून वर छत्री लागते, तिच्यासाठी माझं जुनं लुगडं नेलं. नेलं म्हणजे न विचारता नेलं. मी विचारलं तर म्हणाले, "वयनी, तुम्ही कुठं जात नाय, लुगडं तरी जाऊ द्या."

खरंच होतं. खुब्याचं हाड मोडल्यापासून मी ह्याच खुर्चीत. खिडकीतून समोरची भिंत दिसते. भिंतीला दोन रंग दिलेले बघितले मी, एवढीच माझी यात्रा. मग शनिवारी सकाळी भावजींनी आणि नीलिमानं मला उचललं आणि जीपमध्ये घातलं. मागं रॉकेट, पुढं मी. दोघांना दोरीनं बांधलेलं.

गागोद्याच्या अलीकडं शेत होतं. भात कापलेलं, बाजूच्या शेतांत वाल धरलेला. तहसीलची परवानगी होती, रविवारी सूर्य मावळेपर्यंतची. शनिवारी दुपारपर्यंत बारकी रॉकेटं उडाली. मी जीपच्या दारातून बघत होते. उतरता येत नव्हतं, त्यामुळे दाराएवढंच आभाळ. रॉकेट सूं करून वर जायचं आणि दाराच्या चौकटीत दिसेनासं व्हायचं. मी ओरडायची, "पडलं काय? कुठं पडलं?" कोण सांगणार? सगळे पळत सुटलेले.

मोठं रॉकेट रविवारी उडवायचं होतं. ते दांड्याला लावून उभं केलं. नीलिमा म्हणाली, "काका, शेंड्यावर क्लबचं नाव लिहा ना."

भावजींनी कुंचला घेतला. समोर शेंडा, पांढरा, घासलेला, तोंडासमोर. आता तुम्हीच सांगा, जन्मभर ज्या हातानं एकच काम केलं तो हात काय करणार? गप्पा मारता मारता कुंचला फिरला. संपल्यावर भावजी दोन पावलं मागं आले, आणि त्यांनीच पहिले हात जोडले.

डोळे. दोन डोळे. असे, की जीपमधून मलाही वाटलं, आपल्याकडंच बघतंय.

वाल खुडणाऱ्या बाया बांधावर होत्या. एकीनं बघितलं, दुसरीला म्हणाली, "गो, देव बसवलाय बघ." ती येऊन फूल ठेवून गेली. मग नारळ आला. मग अख्खी वाडी आली. आणि मग आले आपले पोलीस पाटील. पाटील, मान खाली घालू नका, मी चांगलंच सांगणार आहे. पाटलांनी विचारलं, "ह्याचं पुढं काय करनार?" क्लबमधला एक शहाणा म्हणाला, "उद्या खालून पेटवणार."

बोला आता!

पाटील म्हणाले, "देवाच्या बुडाखाली आग? हितं? नाय व्हायचं." तो शहाणा म्हणाला, "थिनर आहे, डोळे पुसून टाकू." तेव्हा भावजी ओरडले. हो, तुमचे शांत भावजी. "उघडलेले डोळे मी मिटनार नाय!" म्हणाले, आणि कुंचला शेतात भिरकावला.

मग सगळेच अडकले. वाडी हटेना, क्लब हटेना. रॉकेट उडवता येईना, उतरवता येईना. रात्री क्लबची माणसं तंबूत झोपली आणि वाडीतली चार माणसं रॉकेटजवळ पहाऱ्याला बसली. रविवार उजाडला, ऊन चढलं, तरी तेच. भावजी येऊन जीपच्या चाकाशी सावलीत बसले. पाट तेवढा नव्हता, पाठ तीच, वाकलेली. म्हणाले, "वयनी, हितं पण अडकलो. आयुष्यात एक गोष्ट उडायची म्हणून केली, तिलापण बसवून ठेवली मी."

मला उतरता येत नव्हतं. पण तोंड होतं. मी पाटलांना हाक मारली. म्हटलं, "पाटील, तुमच्या घरी गणपती किती दिवसांचा?"

"दीड दिवसाचा. का?"

"हा काल दुपारी आला. आज संध्याकाळी किती होतात?"

पाटील बोटं मोजायला लागले.

"पाहुणा आहे तो. दिवस भरल्यावर पाहुण्याला कोंडून ठेवायची रीत कुठल्या गावची? उत्तरपूजा करा, जागचा हलवा, निरोप द्या. पाण्यात जातो तो आज वर जाईल."

"शास्त्रात हाय का आजी, असं?"

मी म्हटलं, "मला मेलीला कुठं वाचता येतं? तुम्ही वाचा आणि सांगा, नाय म्हणून."

पाटलांनी विचार केला. मग म्हणाले, "आरती कोन म्हननार?"

मग काय! आरती झाली. अक्षता पडल्या. निरोपाच्या वेळी देवाच्या हातावर दही घालतात, ह्याला हात कुठले? पंखावर घातलं. दही-पोह्यांची शिदोरी शेंड्याच्या पोकळीत बांधली. नीलिमानं पुन्हा वजन केलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाली, "चालेल." भावजींनी दोन्ही हातांनी रॉकेट जरासं हलवलं. हलवताना त्यांचे ओठ हलत होते. मंत्र होता की दुसरं काही, मी विचारलं नाही.

सगळ्यांना लांब बांधावर नेलं. क्लबवाले मोजायला लागले, दहा, नऊ, आठ. वाडी ओरडायला लागली, मोरया, पुढच्या वर्षी लवकर या! आणि गेलं. काय आवाज! जीप हादरली, माझा खुबा हादरला. दाराच्या चौकटीतून क्षणात नाहीसं झालं. मी म्हटलं, संपलं, मला काही दिसायचं नाही. तेवढ्यात त्याच चौकटीत, वरून, हळूहळू, माझं लुगडं उतरलं. हिरवं, फुगलेलं. खाली लोंबणारं रॉकेट.

पाटील म्हणाले, "लवकर या म्हटलं होतं, हा तर लगेच आला!"

आणि त्याच्यामागं भावजी. पळत. धोतर खोचून, ढेकळांतून, बांधावरून उड्या मारत, वर बघत, हात पसरून, "आला, आला" ओरडत. सत्तरी गाठलेला माणूस. नागोठण्याहून धरून आणल्यापासून तो गडी पहिल्यांदा पळत होता, आणि मागं कुणी लागलेलं नव्हतं. मी बसल्या जागी टाळ्या वाजवल्या. हे तुमच्यापैकी अर्ध्या लोकांनी बघितलंय. आणि तुम्ही मला सांगता, जागेवरून हलला नाही!

त्यानंतर दर थंडीत गेले ते. क्लबबरोबर. मला घेऊन. ह्या वर्षीचं रॉकेटही करून, डोळे लिहून ठेवलं होतं. गेल्या आठवड्यात सकाळी चहाला उठले नाहीत.

आता मुद्द्याचं. मघाशी माझ्या मुलानं, सुरेशनं इथं उभं राहून सांगितलं की काकांचं शेवटचं रॉकेट कारखान्यात काचेच्या पेटीत ठेवणार. हार घातलाच आहे. रोज दिवा लावणार. तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. नीलिमानं खाली बघितलं, ती परकी, ती काय बोलणार? सुरेशनं मला आधीच बजावलं होतं, "आई, ह्याच्यावर तू काय बोलू नको हां." आणि मी खुर्चीत. उठून जाता येत नाही, उठून बोलता येत नाही. पण माईक माझ्याकडं द्यायची चूक त्यानंच केली.

सुरेश, बाळा, तुझी माया मला कळते. तू त्यांच्या मांडीवर वाढलास. पण पेटी कुठं ठेवणार आहेस? मागच्या खोलीत. जाळीच्या खिडकीपाशी. त्यांच्या पाटावर. अरे, त्या खोलीतून तो माणूस आत्ता सुटला रे. आत्ता सुटला, आणि तू पुन्हा नेऊन बसवतोस?

आठवडाभर ते रॉकेट माझ्यासमोर आहे. आम्ही दोघंच असतो. तुम्ही हार घातला, कुंकू लावलं, कुणी त्याच्या डोळ्यांकडं नीट बघितलं काय? कारखान्यातली माणसं ना तुम्ही! मूर्तीची बुबुळं कुठं असतात? खाली. भक्ताकडं. भावजींनी हजारो डोळे लिहिले, सगळे खाली बघणारे. ह्याची बुबुळं वर आहेत. शेंड्याकडं. मला अक्षर वाचता येत नाही, पण भावजींचे डोळे मी जन्मभर वाचले. पेटीत ठेवलंस तर ते काय बघत बसेल? आपल्या कारखान्याचे पत्रे?

त्याचे दिवस भरले. पाहुणा होता, निरोप द्या. तेरावं झालं की पहिल्या शनिवारी शेतावर जायचं. नीलिमा, परवानगीचं तू बघ. पाटील, आरती तुम्ही म्हणा. हलवायचं काम सुरेशचं. त्याच्या हातानंच हलू दे. आणि मला जीपमध्ये घाला. या वेळी दार काढून टाका, चौकट नको मला.

आता उभं राहायचं असतं. मला जमत नाही, माझ्या वाटचं तुम्ही राहा. अक्षरं नाही शिकले, पण नीलिमानं उलटे आकडे शिकवलेत. दहापासून उलटं मोजा, मनात. ओठ हलवू नका. शून्य आलं की वर बघा, आणि त्यांना नमस्कार करा.

...

झालं. बसा. आणि जाताना ऐका. आमच्या घरी पिठलं-भात पाठवणं आता बंद करा. फार केलंत, पण पिठल्यानं जीव विटला. शनिवारी शेतावर पोपटी लावू, मडक्यात शेंगा भाजू. वालाच्या शेंगा पाठवा, कोवळ्या पाठवा, मडक्यात घालायला भांबुर्डीचा पाला वाडीवाले आणतील. आणि शिदोरीला दही-पोहे. पोहे पेणचे, जाडे. दही ज्याच्या घरी गोड लागलं असेल त्यानंच पाठवा. भावजींना आंबट चालत नव्हतं. आंबट पाठवलंत तर वाटेतून परत येतील, आणि बोलणी मला खावी लागतील.