डाव्या पंखावरचं ठिगळ

आई: आता तरी बोलू का? मघापासून श्वास धरून बसलेय मी.

मुलगी: थांब ना, आई. अक्षरं बसवतेय. ओली आहेत तोवर सरकतात, एकदा वाकडी बसली की गेलं... हं. बसली. तो कोरडा कापूस दे.

आई: हा घे. काय लिहिलंय एवढंसं?

मुलगी: ‘इथे पाय ठेवू नये.’

आई: कुणी ठेवू नये? मुंगीनं?

मुलगी: आई! खऱ्या विमानावर असतंच ते. पत्रा पातळ असतो तिथे. आपलं विमान खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाचं, मग अक्षरंही तेवढीच बारीक येणार. बाबांनी स्वतः सांगितलंय मला. उजव्या पंखावर, मागच्या कडेजवळ, लाल रंगात.

आई: आणि वाचायचं कुणी?

मुलगी: बाबांनीच. दुसरं कोण? हवाई दलातली सगळी नोकरी त्या एका विमानाच्या पोटाखाली काढली त्यांनी. चाकं बघितली, इंजिन बघितलं, रंग दिला. आणि त्याचा साधा एक फोटो नाही त्यांच्याकडे. विमान तर केव्हाच कापून भंगारात गेलं. फिरून आले ना, की हे त्यांच्या हातातच ठेवणार आहे मी. त्यांचं तोंड बघायचंय मला.

आई: हं.

मुलगी: नुसतं ‘हं’? जरा कौतुक कर की.

आई: करते की गं. दवाखान्यांसाठी दात घडवणारी पोरगी विमान घडवते, कौतुक नाही तर काय? मागच्या वेळी खोक्यातून काढून दाखवलं होतंस तेव्हा अंगभर पुरळ उठल्यासारखं होतं. आता बघ, कसं तुळतुळीत झालंय.

मुलगी: पुरळ नव्हे ते, रिव्हेट. पत्रे जोडायचे खिळे म्हण. हे प्लास्टिकचे भाग ओतायचा कंपनीचा साचा जुना आहे, त्यात सगळे असे उठून आलेले. त्याच हिशोबानं खऱ्या विमानावर एकेक रिव्हेट लिंबाएवढा झाला असता. मी सगळे घासून काढले. दातांना वापरते त्याच कागदानं, पाणी लावून लावून. मग पत्र्यांचे सांधे सुईनं आत कोरले. तू हात फिरवून बघ. बोटाला काही लागलं तर मला सांग.

आई: काहीच लागत नाही?

मुलगी: काही म्हणजे काही नाही. डोळे मिटून फिरव हवं तर.

आई: अरे देवा.

मुलगी: काय झालं?

आई: काही नाही. चहा टाकते.

मुलगी: चहा राहू दे. आई, बस खाली. काय झालं?

आई: मला शपथ घातलीय त्यांनी. पण तू ते हातात देणार, समोर उभी राहून त्यांचं तोंड बघणार, आणि ते... ते नाही बघवायचं मला. ह्यांना दिसत नाही गं. कडेकडेचं धूसर दिसतं, मधलं सगळं गेलं. तुझा चेहरासुद्धा नाही दिसत.

मुलगी: काहीतरीच काय बोलतेस! काल दारात पाय ठेवला तर म्हणाले, ‘बारीक झालीस.’

आई: ते तू घर सोडल्यापासून दर वेळी म्हणतात. त्याला बघावं कशाला लागतं?

मुलगी: पेपर वाचत बसले होते.

आई: मी सरळ करून हातात दिला होता. पानही मीच उलटून दिलं, तू बाथरूममध्ये असताना.

मुलगी: डॉक्टर काय म्हणतात?

आई: डॉक्टर झाले, इंजेक्शनं झाली. आहे तेवढं टिकवू म्हणतात. गेलेलं परत येत नाही.

मुलगी: आणि मी फोटो पाठवत होते ते? रंगाचे, चाकांचे?

आई: मी सांगायचे काय दिसतंय ते. मला काय कळतंय त्यातलं? म्हणायचे, पंख आहे, हिरवा आहे. हे विचारायचे, कुठला हिरवा? आता हिरव्याला काय सांगायचं? मी म्हटलं, आपल्या मागच्या दारासारखा. लगेच म्हणाले, ‘तिला लिही, जरा उन्हानं उडालेला हवा.’

मुलगी: मागच्या दारासारखा? आई, ते दार पोपटी आहे!

आई: मग नीट मोठे फोटो पाठवायचे. माझ्या चष्म्याचा नंबर कुणी विचारला?

मुलगी: हसवू नकोस मला. राग आलाय मला. मी काय परकी आहे? मला का नाही सांगितलं?

आई: आधी तुमचा फोन कसा व्हायचा, आठव जरा. ‘बरी आहेस ना? जेवलीस का? थांब, आईला देतो.’ झालं, संपलं. मग तू हे विमान हातात घेतलंस आणि त्यांना विचारायला लागलीस. धूर कुठे लागायचा, चाकाला चिखल कुठवर यायचा. हे तासतास बोलायला लागले. लग्न झाल्यापासून मी ऐकलं नव्हतं तेवढं विमान मला या वर्षात ऐकायला मिळालं. त्यांना धास्ती ही, की दिसत नाही म्हटल्यावर तू म्हणशील, आता करून काय उपयोग. विमान ठेवून देशील. मग तू विचारणार काय आणि हे सांगणार काय? परत आपलं ‘थांब, आईला देतो.’

मुलगी: मी असं केलं असतं असं वाटलं त्यांना?

आई: म्हातारपणी माणसाला काहीही वाटतं, बाळा. मी कितीदा म्हटलं, सांगून टाका. तर म्हणायचे, ‘विमान होऊ दे, मग सांगू.’ आणि विमान व्हायला आलं की ह्यांना काहीतरी नवीन आठवायचं.

मुलगी: ‘अगं, एक राहिलंच.’

आई: अगदी तस्संच. तुला संशय नाही आला?

मुलगी: ते जाऊ दे. आई, मी काय करून बसलेय कळतंय का तुला? त्या खोक्यातलं विमान कुणी शेंबड्या पोरानं जसंच्या तसं चिकटवलं असतं ना, तरी बाबांना बोटांनी कळलं असतं. बोटांना लागेल असं जे जे होतं, ते मी घासून टाकलं. वर त्याचा तोरा मिरवतेय.

आई: तुला कुठे ठाऊक होतं?

मुलगी: थांब. उपाय आहे. घट्ट वार्निश आहे माझ्याकडे. सुईच्या टोकावर घेऊन एकेक थेंब ठेवत गेले तर सगळे रिव्हेट परत उठतील. मी सुट्टी वाढवते.

आई: अगं, पण एवढं निगुतीनं केलेलं सगळं बिघडेल की.

मुलगी: बिघडू दे. बघायला कोण आहे?

(जिन्याच्या दाराशी काठी टेकल्याचा आवाज होतो आणि बाबा आत येतात.)

बाबा: थेंबबिंब काही ठेवायचे नाहीत.

आई: अगंबाई! कधी आलात? कुठवर ऐकलंत?

बाबा: जिन्यात होतो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तू मूठ तर उघडलीसच, वर दारही उघडं ठेवलंस. खालच्या मजल्यालासुद्धा कळलं असेल.

मुलगी: बाबा, या. सावकाश. खुर्ची डावीकडे आहे.

बाबा: माझ्या घरातली खुर्ची मला दाखवू नकोस. रडतेस?

मुलगी: नाही.

बाबा: समोरच्याला दिसत नाही म्हणून खोटं बोलू नये.

मुलगी: तुम्ही वर्षभर बोललात, मी आत्ता एकदाच बोलले.

बाबा: बरं. फिट्टंफाट. आण ते विमान.

मुलगी: आधी डोळ्यांचं बोलूया. मला दुसऱ्या डॉक्टरांना...

बाबा: डोळ्यांचं उद्या बोलू. डोळे कुठे पळून जात नाहीत, जायचे ते गेले. विमान आण.

मुलगी: हात पुढे करा. दोन्ही. हे पोट, तुमच्या डाव्या तळव्यावर. सोडू?

बाबा: सोड. किती हलकं आहे गं!

मुलगी: बोटं वर नेऊ नका एकदम. पाठीवर तार आहे, नाजूक आहे.

बाबा: रेडिओची. लागली. कशाची केलीस?

मुलगी: केस आहे. आईचा.

आई: माझा? कधी घेतलास?

मुलगी: मागच्या वेळी, तुझ्या फणीतला. चांगला ताण सोसतो तो.

बाबा: सोसणारच. एवढी वर्षं मला सोसलंय. ही काच ना? पायलटच्या डोक्यावरची?

मुलगी: हो. दातांना चकाकी आणायची पेस्ट असते ना, ती लावून घासलीय.

बाबा: लोक विचारतात, तुमची मुलगी दातांची डॉक्टर का? मी म्हणतो, नाही, दातांची सुतार. हे बघितलं की गप्प बसतील.

मुलगी: बाबा, पंख अगदीच सपाट लागत असतील. मी सगळे रिव्हेट...

बाबा: ऐकलं मी. रिव्हेट हाताला लागतो असं कुणी सांगितलं तुला? लागला, तर वरचा साहेब परत काढायला लावायचा. विमान उडायच्या आधी मी हातमोजा काढून सगळ्या पंखावर तळवा फिरवायचो, कुठे डोकं वर आलंय का बघायला. आपलं विमान असंच होतं. हात फिरवला की नुसता घसरत जायचा. मला आत्ता हातात घेतल्या घेतल्या कळलं, हेच ते.

मुलगी: मला बरं वाटावं म्हणून म्हणताय.

बाबा: डोळ्यांचं बोललो असेन खोटं. विमानाच्या बाबतीत मी तुला कधी एक शब्द खोटा... थांब. हे काय?

मुलगी: काय ते तुम्हीच सांगा.

बाबा: डावा पंख. चौकोनी आहे काहीतरी. कडा लागतेय. भोवती बारीक बारीक टिपके. हे लागतंय मला! हे चांगलं लागतंय!

मुलगी: औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागद आहे. गोळी लागून भोक पडलं, मग घाईघाईत वरून पत्रा ठोकला, म्हणून कडा आणि रिव्हेट वर आलेले, असं म्हणाला होतात तुम्ही. तसंच केलंय.

बाबा: हे... असं ठिगळ नव्हतं आपल्या विमानाला.

मुलगी: माहीत आहे.

बाबा: माहीत आहे?

मुलगी: त्या जागी आत चाक मिटायची पोकळी आहे. तिथे असा पत्रा ठोकताच येत नाही. नकाशे बघितलेत मी.

बाबा: मग केलंस कशाला?

मुलगी: त्या दिवशी फोनवर किती रंगून सांगत होतात! मध्येच पाणी प्यायला थांबलात आणि परत सुरू झालात. इतके खूश मी तुम्हाला कधी ऐकलं नव्हतं. आणि मला तरी कुठे ते विमान संपवायचं होतं? संपलं की मी काय विचारणार होते तुम्हाला? एवढा सुंदर बसलेला हिरवा मी खरवडून पुन्हा रंगवला.

बाबा: ‘हिरवा चुकला’ म्हणालीस तेव्हा?

मुलगी: बरोबर होता तो. दोन्ही वेळा.

आई: म्हणजे तुम्ही दोघं एकमेकांना... आणि मी वेडी मागच्या दारापाशी उभी राहून हिरवा जुळवत होते! घरात सगळी लबाडांची फौज, साधी मीच एकटी.

बाबा: तू पेपर सरळ करून देत होतीस. साधी म्हणे!

आई: चहा टाकते आता. दोघांना मिळून एकच कप देणार आहे.

बाबा: तुझा चेहरा दिसत नाही त्याचं वाईट वाटतं. बाकी पेपरबिपरचं काही नाही. ते एक वाटतं.

मुलगी: बारीक झालेय मी.

बाबा: म्हटलं नव्हतं मी? मग... नंबर? नाकावरचा नंबर घातलास का? तो मात्र खरा सांगितला होता. ऊन-पावसानं उडाला की मीच ब्रश घेऊन परत उठवायचो. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचो नाही.

मुलगी: आहे ना. पण बाबा, तो नाही लागणार हाताला. पाण्यातून सरकवून बसवायचा पातळ पापुद्रा असतो. त्याची कड दिसू नये म्हणून मी औषध लावून मऊ केला, वर वार्निश चढवलं. पार रंगात मुरलाय.

बाबा: बरोबर केलंस. रंगवलेला नंबर तसाच दिसायला हवा. दाखव तरी.

मुलगी: कसा दाखवू?

बाबा: दाखव गं. तुला ठाऊक आहे ना कुठे आहे ते.

मुलगी: बोट द्या. हे नाही, पहिलं. इथून सुरू. असा वर... आता वळण... खाली आला. हा पहिला आकडा. आता थोडी जागा सोडून दुसरा. नुसता सरळ दांडा, वरून खाली. तुम्ही थोडा तिरका म्हणाला होतात, तसा आहे. आता तिसरा. हळू. लागतंय का काही?

बाबा: नाही. हात काढू नकोस.