रविवारी बांधलेली नौका

आदरणीय अध्यक्षमहोदया, व्यासपीठावर विराजमान झालेले बंदर अधिकारी आणि डॉक्टरसाहेब, आजचे सत्कारमूर्ती कप्तान, त्यांच्या शेजारी बसून आधीच रुमाल काढून ठेवलेल्या वहिनी, जीवरक्षक केंद्रातले सर्व खलाशी, आणि चहा भाषणांच्या आधीच उरकल्यामुळे आता निव्वळ प्रेमापोटी बसून राहिलेले श्रोतेहो,

सर्वप्रथम मला एक तक्रार नोंदवायची आहे, आणि ती इतिवृत्तात यावी असा माझा आग्रह आहे. माझ्या पाठीमागच्या टेबलावर जी वस्तू झाकून ठेवली आहे, तिच्यावर कॅन्टीनमधला चौकड्यांचा टेबलक्लॉथ घातलेला आहे. चौकड्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्याला झालर आहे. त्या झालरीचे गोंडे आणि त्या वस्तूवरची अँटेना यांची गाठ पडली तर काय अनर्थ ओढवेल, याची स्वागत समितीला कल्पना दिसत नाही. ती अँटेना माझ्या केसाइतकी बारीक आहे, म्हणजे मला केस होते तेव्हाच्या, आणि ती उभी करायला तीन रविवार लागले आहेत. तेव्हा अध्यक्षमहोदयांना नम्र विनंती, की अनावरण करताना कापड ओढू नये, उचलावं. झोपलेल्या तान्ह्या मुलावरचं पांघरूण काढतात तसं.

तक्रार संपली. आता भाषण.

मी या केंद्राचा सदस्य नाही. मला पोहता येत नाही, आणि बोट धक्क्याला बांधलेली असली तरी मला ती लागते. बावीस वर्षं मी इथल्या दैनिकाचा वार्ताहर आहे. बोट बाहेर गेली की धक्क्यावर छत्री धरून उभं राहायचं, आणि ती परत आली की भिजलेल्या माणसांना कोरडे प्रश्न विचारायचे, हा माझा व्यवसाय. संस्कृतात सुकाणू धरणाऱ्याला कर्णधार म्हणतात. मी एकदा बातमीत तसं छापलं, तर दुसऱ्या दिवशी लोक या सत्कारमूर्तींना विचारू लागले, तुम्ही कुठल्या संघाकडून खेळता? तेव्हापासून मीही सगळ्यांसारखं कप्तान म्हणतो, आणि ते मला पंडित म्हणतात. त्यांच्या तोंडी ती पदवी नाही, शेरा आहे.

आज निवृत्त होणारे हे आपले कप्तान एकतीस वर्षं बोटीवर होते, त्यातली एकोणीस सुकाणूवर. किती माणसं वाचवली याचा आकडा मगाशी बंदर अधिकाऱ्यांनी वाचून दाखवला. तो बरोबर आहे, मी तपासलाय. येत्या गुरुवारी कप्तान आणि वहिनी लेकीकडे राहायला जातायत. तिच्या गावापासून समुद्र सहा तासांवर आहे. हे अंतर त्यांनी मुद्दाम निवडलं का, असं मी विचारलं नाही. वार्ताहरानेही काही प्रश्न गिळायचे असतात.

मग आज इथे बोलायला मी का? तर गेली दोन वर्षं, दर रविवारी सकाळी दहा ते साडेबारा, कप्तान आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर बसून माझ्याबरोबर प्लॅस्टिकची बोट बांधत होते.

इथल्या बहुतेकांना कारण माहीत आहे. पाहुण्यांसाठी सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका वादळी दुपारी खडकांजवळ एका मालवाहू होडीचं इंजिन बंद पडलं. केंद्राची बोट सहा जण घेऊन गेली. होडीवरचे चौघंही वर ओढून घेतले. चौथ्याला ओढण्यासाठी बोटीच्या कडेच्या जाळीवर जो उतरला होता, तो बोटीचा मेकॅनिक. चौथा वर आला आणि पुढच्या लाटेने मेकॅनिकला नेलं. तो माझा धाकटा भाऊ. कप्तानांनी चाळीस मिनिटं शोध घेतला. शेवटी ओढलेल्या त्या चौथ्याचा श्वास नीट चालेना. तेव्हा त्यांनी बोट वळवली, चौघांना धक्क्यावर उतरवलं, आणि लगेच पुन्हा बाहेर गेले. धाकटा सापडला तिसऱ्या दिवशी.

पंधरा दिवसांनी कप्तान आमच्या दारात उभे. हातात धाकट्याच्या केंद्रातल्या कपाटातलं सामान. दोन शर्ट, थर्मास, आणि एक न उघडलेलं खोकं. त्यावर जीवरक्षक बोटीचं चित्र, अगदी यांच्याच जातीची, बहात्तर पटींनी लहान. आत दोनशे सोळा तुकडे. कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेलं, केवळ अनुभवी व्यक्तींसाठी.

आई म्हणाली, "आत या. उंबऱ्यावर काय उभे राहिलात?"

हे बसले नाहीत. मला म्हणाले, "पंडित, हे त्याने मागवलं होतं. उघडलंच नाही. काय करू याचं?"

"बांधू," मी म्हणालो.

"तुला येतं?"

"नाही."

"मलाही नाही."

"मग सारखे आहोत. रविवारी या."

मंडळी, ज्यांनी असलं काही बांधलेलं नाही त्यांना सांगतो, हा छंद नव्हे, हे तप आहे, आणि त्यात अप्सरा येत नाहीत. तुकडे प्लॅस्टिकच्या चौकटीत अडकवलेले असतात. ते कापायचे, घासायचे, चिमट्यात धरायचे, थेंबभर ग्लू लावायचा आणि चिकटेपर्यंत दोन मिनिटं श्वाससुद्धा जपून घ्यायचा. कप्तानांना जवळचं दिसत नाही आणि माझ्या चिमट्यात काही टिकत नाही, म्हणून कामाची वाटणी झाली. मी सूचनापुस्तिका वाचायची, त्यांनी जोडायचं. पहिल्याच रविवारी भांडण. मी वाचलं, दोरांची पेटी डाव्या बाजूला. हे म्हणाले, "उजव्या." मी म्हणालो, छापलंय. म्हणाले, "छापणारा कधी बसलाय का त्या पेटीवर? मी जेवलोय तिच्यावर." पेटी उजवीकडे बसली. खिडक्यांच्या काचांना चुकीचा ग्लू लागला आणि त्या पांढुरक्या झाल्या. मी हळहळलो. हे म्हणाले, "राहू दे. धुकं पडलंय." अठ्ठ्याऐंशी नंबरचा तुकडा चिमट्यातून उडाला, तो चार दिवसांनी आईला केराच्या सुपलीत सापडला. तिने तो चष्म्याच्या डबीत जपून ठेवला आणि रविवारी यांच्यासमोर धरून विचारलं, "हा तुमचा माणूस का हो?" सावकाश काम करण्याची थोरवी सांगणारं एक सुभाषित मी यांना ऐकवलं. अर्थ सांगितला. ऐकून म्हणाले, "लिहिणाऱ्याची बोट बुडत नसणार."

पण ग्लू चिकटेपर्यंतची ती दोन मिनिटं. खरी गोष्ट त्यांच्यातच आहे.

हात अडकलेले, नजर तुकड्यावर, आणि कप्तान बोलायचे. धाकट्याबद्दल. दर खेपेला एकच, लहानसं. तो इंजिन सुरू करताना बेसूर शीळ घालायचा, आणि शीळ थांबली की बाकीचे ओळखायचे, काहीतरी बिघडलंय. तो दुसऱ्यांची बिस्किटं खायचा आणि पुडा पुन्हा नीट घडी घालून ठेवायचा. त्याने कपाटाच्या दाराला आतून माझ्या बातम्या चिकटवल्या होत्या, आणि बोटीबद्दलच्या माझ्या चुका लाल पेन्सिलने दुरुस्त केल्या होत्या. मला यातलं काहीही माहीत नव्हतं. घरी आम्ही दोघं भाऊ, आईच्या औषधांपलीकडे फारसं बोलत नसू. मग मी रविवारची वाट पाहू लागलो. सोमवारपासूनच.

कप्तानही वाट पाहत होते. कशाची, तेही मला कळत होतं. साडेबारा वाजले की उठायचे, दाराशी बूट घालायचे, आणि नाडी बांधायला फार वेळ लावायचे. एकतीस वर्षं गाठी मारणारा माणूस. खाली वाकून एका नाडीशी खेळत राहायचा, आणि मी वर उभा. एक वाक्य हवं होतं त्यांना माझ्याकडून. मी म्हणायचो, "पुढच्या रविवारी कठडे घेऊ." ते म्हणायचे, "बरं."

आता जे सांगतो ते वहिनींनाही ठाऊक नाही. ती बोट सहाव्या महिन्यात पुरी झाली असती. डेक बसवायचा होता. त्याआधी बोटीखाली फिरणाऱ्या पंख्यांचे दांडे आत घालायचे असतात. पुस्तिकेत ठळक छापलंय, शेजारी उद्गारचिन्ह आहे. मी ती ओळ गाळली आणि थेट पुढची वाचली. डेक चिकटवा. कप्तानांनी माझ्याकडे पाहिलं. दांड्यांआधी डेक बसत नाही हे ज्याला झोपेतही सांगता येईल, त्या माणसाने डेकला ग्लू लावला, दाबून धरला, आणि दोन मिनिटं धाकट्याबद्दल बोलला. पुढच्या रविवारी आम्ही दोघांनी मिळून आश्चर्य व्यक्त केलं, आणि डेक उपटून काढण्यात, घासण्यात, पुन्हा बसवण्यात पाच रविवार घालवले. त्यानंतर मी रंगाचा नंबर चुकीचा वाचला. मग स्टिकर उलटे लावले. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "झाली का रे बोट?" आम्ही एका सुरात सांगायचो, "अजून नाही."

पण निवृत्तीची तारीख काही सूचनापुस्तिकेत नसते. ती आली. गेल्या रविवारी शेवटची पायरी उरली होती, बोटीवरची माणसं. सहा. नखापेक्षा थोडी मोठी. कप्तानांनी पाच चिकटवली. सहावा चिमट्यात धरला आणि पहिल्यांदाच, तुकड्यावरची नजर काढून, मला विचारलं,

"पंडित, तू असतास तर वळवली असतीस?"

मी पुस्तिकेत पाहिलं. वाचलं, "रंग पूर्ण वाळू द्यावा."

त्यांनी चिमटा खाली ठेवला. म्हणाले, "बरं." त्या दिवशी नाडी पटकन बांधली.

म्हणून अध्यक्षमहोदया, आपण कापड उचलाल तेव्हा बोटीवर पाच माणसं दिसतील. केंद्राच्या कपाटात ती तशीच ठेवावी. तुकडा हरवला असं कुणी समजू नये.

आता उत्तर देतो. सगळ्यांसमोर देतो, म्हणजे पुन्हा गाळता येणार नाही. कप्तान, त्या दुपारनंतर पाचव्या दिवशी मी या डॉक्टरसाहेबांना भेटलो होतो. वार्ताहर म्हणून. त्यांनी मला सांगितलं की तो चौथा माणूस आणखी पंधरा मिनिटं तुमच्या बोटीवरच राहिला असता तर जगला नसता. तो जगला. मला हे पाचव्या दिवसापासून माहीत आहे. तुम्ही आमच्या दारात उभे होतात तेव्हाही माहीत होतं. मी असतो तर बोट वळवली असती. धाकटा सुकाणूवर असता आणि पाण्यात मी असतो, तर त्यानेही वळवली असती, आणि तुम्हीच त्याला ते शिकवलंत.

दोन वर्षं मी हे बोललो नाही, कारण ते ऐकलं असतं तर तुम्हाला यायचं कारण उरलं नसतं. त्याला शेवटचं पाहिलेला माणूस दर रविवारी माझ्या टेबलाशी बसत होता. मला तो सोडवला नाही. तुम्ही माझ्या दारात वाट पाहत राहिलात, आणि मी तुम्हाला कठड्यांबद्दल सांगत राहिलो. याला संस्कृतात बरेच शब्द आहेत. साध्या भाषेत याला स्वार्थ म्हणतात.

केंद्राने मला बोलण्याची संधी दिली, श्रोत्यांनी इतका वेळ खुर्च्या वाजवल्या नाहीत, वहिनींनी दोन वर्षं रविवारच्या सकाळी आपला नवरा आम्हाला उसना दिला, या सगळ्यांचा मी मनापासून ऋणी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, कुणाचा उल्लेख राहिला असेल, तर पोटात घालावं.

कप्तान, तुमच्याकडे क्षमा मागण्याइतकं तोंड मला नाही. फक्त एक काळजी आहे, ती सांगून खाली बसतो. दोन वर्षं मी गप्प राहिलो, तेव्हा माझं उत्तर तुम्ही स्वतःशीच ठरवून टाकलं असेल. आणि आज मी जे म्हणालो, ते निरोपाच्या भाषणात माणसं चांगलंच बोलतात म्हणून सोडून द्याल, आणि गुरुवारी तेच जुनं उत्तर बरोबर घेऊन जाल.