फुकटची खोली

लास वेगासच्या बसथांब्यावर माझ्यापुढे उभा असलेला पाहुणा बायकोला एक वाक्य पुरं करू देईल तर शपथ!

“डेल्बर्ट, आज शेवटचा दिवस. ती मोठी दरी...”

“दरी कुठं पळून जात नाही, विल्मा. आधी कॅसिनो नीट निवडू दे.”

“तीन दिवस निवडतोच आहेस!”

“पहिल्यांदा आलोय, फसायचं नाही मला. हा बघ, खेळणाऱ्याला खोलीसुद्धा फुकट देतो!”

“आणि दरीची बस? ती बघ, सुटायला आलीय.”

“सुटू दे.”

मग मला राहवेना.

“अरे बाबा, बायकोला घे आणि त्या बसमध्ये चढ. तीस वर्षं मी इथल्या हॉटेलांत चादरी बदलल्यात. रडून भिजलेल्या उशा मला फुकटच्या खोल्यांतच सापडायच्या.”