अंगी लागत नव्हतं

मल्लेश्वरमच्या दवाखान्यात माझ्या शेजारी नणंद-भावजय बसल्या होत्या. भावजयीच्या मांडीवर सहा-सात वर्षांची, अगदी काडी झालेली मुलगी झोपली होती.

“काय म्हणाले गं डॉक्टर?”

“अक्का, सिद्धीच्या लहान आतड्यात दुर्बीण घातली होती ना, त्यात दिसलं. आपल्या आतड्याला आतून टॉवेलासारखी लव असते म्हणे. जेवणातला कस ती ओढून घेते आणि रक्तात सोडते.”

“आणि हिच्या?”

“हिची झिजून गेलीय. आतडं सपाट झालंय. खाल्लेलं तसंच पुढं जातं.”

“म्हणून अंगी लागत नव्हतं होय! पण झिजली कशानं?”

“गव्हानं. हिला गहू सोसत नाही.”

“अगं, अशक्त म्हणून आपण रोज चपाती तुपात कुस्करून भरवत होतो!”

“हो.”

“नको नको म्हणायची, तरी मी कोंबायची.”

“मी हात धरायचे तिचे, अक्का.”

“आता गं?”

“गहू जन्मभर बंद. भात, ज्वारीची भाकरी चालेल. लव परत येते म्हणाले, स्वल्प वेळ लागेल.”

“मग रडतेस कशाला? पोर वाचली की.”

“घरात आधी कुणाला असं झालं होतं का, विचारलं त्यांनी.”

“तू काय सांगितलंस?”

“आमच्या निहारचं. हिच्याआधीचा माझा लेक, तोही असाच वाळत वाळत गेला म्हटलं.”

“मग?”

“त्याला शेवटी शेवटी काय भरवत होतात, विचारलं.”

“गव्हाची खीर,” नणंद हळूच म्हणाली.