रुमालाची चुंबळ

हसू नोका बाप्पा, हॉटेल मॅनेजमेंटच्या प्रॅक्टिकलले मी खरंच डोक्यावर सूप घेऊन चालली!

टेबलावरच्या रुमालाची घडी करून दाखवाची होती. कोनी पंखा केला, कोनी हंस. मी घाबरली, सारं विसरली. पन पोंभुर्ण्यात मायसोबत मोहफुलाच्या टोपल्या वाहलेले हे हात! त्यायनं आपोआप चुंबळच वळली.

बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "हे काय? घरटं?"

"चुंबळ आहे सर. डोक्यावर ओझं ठेवाले."

सारा वर्ग हसला. मले आला राग. चुंबळ डोक्यावर ठेवली, तिच्यावर वाढाच्या परीक्षेसाठी ठेवलेलं सुपाचं भरलेलं भांडं, अन् सरळ सरांच्या टेबलापाशी गेली. थेंब सांडला नाई.

"अहो, हॉटेलात असं कोणी वाढतं का?"

"नाई सर. पन दोन्ही हातात ट्रे असला त पाहुन्याले नमस्कार कसा करता?" मी दोन्ही हात जोडले. "या सर, बसा."

सर त बसलेलेच होते. ते उठून उभे राह्यले अन् त्यायनंही हात जोडले.

मायले फोनवर सारं सांगतलं. माय म्हणते, "मंग! चुंबळ वळाले कोनं शिकवलं तुले?"